लिंगाला दाखवलेली गोळी

बाळीवेस, सोलापूर
रविवार, ता. १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय अक्का,

तुझ्या तम्माचे, धाकट्या भावाचे, शरणार्थ. इकडे आम्ही सगळे खुशाल, तुझी खुशाली कळव, असं लिहायची रीत आहे. पण तू खुशाल नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून ते वाक्य गिळतो.

फेब्रुवारी जेमतेम निम्मा झाला आणि अकरा वाजताच रस्ता तापायला लागलाय. थंडी यंदा आली कधी आणि गेली कधी, कळलंच नाही. गड्ड्याची यात्रा झाली. नंदीध्वज आपल्या कोपऱ्यावरून गेले तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. आव्वा दरवर्षी तिथे खुर्ची टाकून बसायची. तुझ्या वहिनीने सवयीने खुर्ची बाहेर आणली, क्षणभर बघितलं आणि तशीच उचलून आत नेली. मंगळवेढ्याहून हुरडा आला होता. वहिनीने शेंगाची चटणीही कुटली आहे, पत्राबरोबर पाठवू म्हणत होती. मी म्हटलं, आधी पत्र जाऊ दे. ते वाचून अक्काला या घरची चटणी नको वाटली, तर उगाच डबा परत यायचा.

तू म्हणशील, सोमूचं नेहमीचं सुरू झालं, नमनाला घडाभर तेल. खरं आहे. मुद्द्यावर येतो.

मंगळवारी दानूचा फोन आला. तुझी लेक तुझ्यावरच गेली आहे, नमस्कार-चमत्कार काही नाही. म्हणाली, "मामा, आई तीन आठवडे अंथरुणावर आहे. कंबर धरलीय. कूस बदलताना ओरडते. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या, एक स्नायू सैल करायची आणि एक सूज-दुखणं कमी करायची. तिने चिठ्ठीच फाडून टाकली." मी विचारलं, का गं? तर म्हणाली, "ती म्हणते, याच गोळ्यांनी मी आव्वाला मारलं. आता त्याच मला गुण देणार का? दुखू दे, म्हणते."

अक्का, अठ्ठावीस वर्षं मी औषधाच्या दुकानात बसतोय. दुखण्याने वाकलेली माणसं रोज बघतो आणि बघून जेवतो. पण तू कूस बदलताना ओरडतेस हे ऐकलं आणि त्या दिवशी मला घास गिळता आला नाही.

मी तुला चार वेळा फोन केला. तू उचलला नाहीस. मला वाटलं, रागावली आहेस. दानू म्हणाली, "राग नाही हो मामा. आई म्हणते, कुठल्या तोंडाने बोलू सोमूशी, त्याची आव्वा मी नेली. तुम्ही पत्र लिहा. तुमचं अक्षर बघितलं की ती फाडणार नाही."

म्हणून हे पत्र. ते एवढ्याचसाठी आहे की तू त्या गोळ्या घ्याव्यास. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून माझं तोंड बघू नये असं तुला वाटलं, तर बघू नकोस. पण गोळ्या घे.

दुकान बरं चाललंय. माझ्यात मात्र एक फरक पडलाय आणि गल्लीत त्याची चेष्टा होते. कुणी कंबरेची, गुडघ्याची गोळी मागायला आलं की मी आधी उलटतपासणी घेतो. आणखी काय चालू आहे? दुसऱ्या डॉक्टरांचं काही? लेकाने आणलेलं? शेजारणीने दिलेलं? मग पट्टी उलटी करतो आणि मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचून दाखवतो. पूर्वी मी काय करायचो ते तू बघितलं आहेस. कात्रीने पट्टी कापायची, चार गोळ्या कागदी पाकिटात टाकायच्या, वर पेनाने टिंब काढायचं. एक टिंब सकाळची, दोन टिंबं संध्याकाळची. कापलेल्या तुकड्यावर औषधाचं नाव अर्धं यायचं, कधी यायचंच नाही. कोण विचारतंय! आता मी कात्री गल्ल्याच्या मागे टाकली आहे. परवा एक रिक्षावाले चाचा वैतागून म्हणाले, "गोली देव मामू, भाषन नक्को." सगळे हसले, मीही हसलो.

लोक म्हणतात, आई गेल्यापासून सोमलिंग फार जपून देतो. मी त्यांना म्हणू देतो. लोकांना हवं ते म्हणू द्यायची मला सवय लागली आहे, आणि आज तीच मोडायला बसलोय.

आधी थोडं माझं शास्त्र ऐक, कारण तुला त्याच गोळ्यांची धास्ती बसली आहे. स्नायू सैल करणारी गोळी आणि सूज-दुखण्याची गोळी, या दोघींचं आपसात वाकडं नाही. एक आखडलेली कंबर सोडवते, दुसरी आतली आग शमवते. डॉक्टर दोन्ही जोडीनेही देतात. घोटाळा होतो तो वेगळ्या ठिकाणी. बऱ्याच पट्ट्यांत ही दोन्ही औषधं एकाच गोळीत घातलेली असतात. घेणाऱ्याला वाटतं, ही नुसती स्नायूंची. मग तो दुखण्याची गोळी आणखी वेगळी घेतो. म्हणजे एकच औषध दोन दारांनी पोटात जातं. म्हाताऱ्या पोटाला ते सोसत नाही. आत व्रण होतो, रक्त झिरपायला लागतं. दुखण्याची गोळी चालू असते म्हणून ते दुखतही नाही फारसं. आणि स्नायूंच्या गोळीची गुंगी असते, त्यामुळे माणूस मलूल दिसला तरी घरच्यांना वाटतं, गोळीची झोप आहे. रक्त जातंय हे कुणाच्या ध्यानीमनीही येत नाही.

तू बसव्वा मावशीबरोबर आव्वाला जी पट्टी पाठवलीस, ती तशी एकत्र होती. एवढं तुला डॉक्टरांनी सांगितलं आहे. पण दोन दारांतलं दुसरं दार कुणाचं होतं, हे तुला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

ते सांगण्याआधी मला साखरपुड्याचं बोलू दे. दानूच्या साखरपुड्याला मंगळवेढ्यात तिच्या सासरची माणसं पंगतीला बसली होती आणि मी त्यांना आव्वाच्या कंबरेचं ऐकवत होतो. कुठल्या गोळीने काय होतं, पुण्याचे डॉक्टर कसे ऊठसूट फोटो काढायला लावतात, वगैरे. माझा आवाज जरा चढला होता, कबूल. तू भात वाढत वाढत माझ्या पानापर्यंत आलीस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, "सोमू, तू डाक्टर न्हाईस. दुकानदार हाईस. दुकानदारानं दुकान बघावं की." तीस वर्षं पुण्यात राहून तुझी भाषा धुतल्यासारखी झाली आहे, पण रागावलीस की तोंडात सोलापूरच येतं.

मी भरल्या पानावरून उठलो आणि एसटी धरली. दुकानात येऊन पहिलं काम काय केलं सांगू? भिंतीवरच्या माझ्या फार्मसीच्या प्रमाणपत्राची काच पुसली. पन्नाशीला टेकलेला बाप्या मी! मी दुकानदार नाही, फार्मासिस्ट आहे, माझं कॉलेज झालंय, हे मी त्या काचेला सांगत होतो. आणि त्याच वर्षी डिसेंबरात दानू बोहल्यावर चढली तेव्हा तिच्या पाठीशी मामा म्हणून उभा राहायलाही मी आलो नाही. तिने ते मला एकदाही बोलून दाखवलं नाही. उलट तुझ्यासाठी फोन करायची वेळ आली, तेव्हा तिने माझाच नंबर लावला.

दीड वर्ष आपण बोललो नाही आणि मधे आव्वा. मी दुकानात गेलो की तू तिला फोन करायचीस, हे मला माहीत होतं. दुपारी जेवायला मी मुद्दाम पंधरा मिनिटं उशिरा यायचो, तुमचं बोलणं पुरं व्हावं म्हणून. हा माझा केवढा मोठेपणा असं मी समजत होतो.

गेल्या दसऱ्यानंतर तिची कंबर पुन्हा धरली. मी माझी गोळी सुरू केली, दुखण्याची, सकाळ-संध्याकाळ. पाच-सात दिवसांसाठी द्यायची गोळी मी महिनाभर चालू ठेवली, कारण ती बंद केली की आव्वा कण्हायची आणि तिचं कण्हणं फोनवरून तुला ऐकू गेलं असतं. तरी ते तुला ऐकू गेलंच. तू तिचे जुने एक्स-रे घेऊन तुझ्या डॉक्टरांकडे गेलीस, सगळं रीतसर विचारलंस. दहा दिवसांच्या वीस गोळ्या, सोबत पोटाची गोळी, जेवल्यावर घ्यायची. रोज फोनवर तू तिला आधी जेवलीस का विचारायचीस. आव्वा आणखी काही घेते का, हेही विचारलं होतंस. ती नाही म्हणाली. तुला सांगितलं नाही की सोमूची चालू आहे, आणि मला सांगितलं नाही की अक्काची आली आहे.

अक्का, एक गोष्ट तुला कुणीच सांगितली नसेल, कारण ती फक्त मी बघितली. गुण तुझ्या गोळीने आला. तिसऱ्या दिवशी सकाळी आव्वा पूजेला बसली ती भिंतीला न टेकता, ताठ. कितीतरी महिन्यांनी. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन ती बसली होती आणि तिची पाठ सरळ होती. मी दारातून बघितलं आणि मनात म्हटलं, बघा, माझी गोळी लागू पडली.

त्याच दिवशी मी तिच्या पूजेच्या परडीतून विभूती घ्यायला हात घातला आणि तुझी पट्टी हाताला लागली.

आत्तापर्यंत तुझा समज असा आहे की मला काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी पट्टी उलटी केली. मागची नावं वाचायला दोन सेकंद लागतात. स्नायूंचं औषध, तापाचं औषध, आणि शेवटचं नाव त्या गोळीचं, जी मी स्वतः आव्वाला दोन्ही वेळ देत होतो. हे दोन्ही मिळून काय करतं, ते मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून पाठ आहे.

मी तिला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "सिद्धीनं धाडलंय. तिला बी माजी काळजी हाय की." मी म्हटलं, टाकून दे, माझी चालू आहे ना? तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी भलतं बोललो.

"टाकू कशी? लिंगाला दावल्यात की सगळ्या. आता ती गोळी न्हाय, प्रसाद हाय. प्रसाद टाकत्यात व्हय?"

आव्वाचं तुला सांगायला नको. तोंडात जाणारी प्रत्येक वस्तू आधी लिंगाला दाखवायची आणि एकदा दाखवली की त्यातला कण टाकायचा नाही. लहानपणी ताटात भात ठेवला म्हणून तिने आपल्याला ताट धुऊन ते पाणी प्यायला लावलं होतं, आठवतं? तू माझ्या वाटचंही प्यायली होतीस. तुझी पट्टी आली त्या दिवशीच तिने सगळ्याच्या सगळ्या गोळ्या लिंगापुढे ठेवल्या होत्या. माझं पाकीटही तसंच. मी पुन्हा म्हटलं, मग निदान एकाच्या घे. तर म्हणाली, "दोगं बी माजीच. एकाचं घ्यायचं अन् एकाचं ठिवायचं, आसं आई करती व्हय रं?"

तिचं ऐकून मी काय करायला हवं होतं, ते शाळेतल्या पोरानेही सांगितलं असतं. तिला टाकता येत नव्हत्या, पण मला माझ्या देणं थांबवता येत होतं. माझं पाकीट उचलून दुकानात न्यायचं, बस्स. तुझ्या गोळ्या चालू राहिल्या असत्या, आठवड्याभरात संपल्या असत्या. तुझी एकटीची गोळी त्या वयात काहीच करणार नाही, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. महिनाभर माझी खाऊन तिचं पोट आधीच कच्चं झालेलं असणार. पण आव्वा आज खुर्ची टाकून पायरीवर बसलेली असती, असं मला वाटतं. मनापासून वाटतं.

पण माझी बंद करायची आणि तुझी चालू ठेवायची, म्हणजे तुझं खरं झालं असतं. तेवढंच मला नको होतं, अक्का. दुसरं काही कारण नाही. शोधलं, सापडलं नाही.

सहा दिवस मी सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर माझ्या पाकिटातली गोळी तिच्या हातावर ठेवत राहिलो. वाटायचं, कंटाळेल, तुझी सोडेल. ती दिवसा झोपायला लागली. मी वहिनीला म्हणालो, बघितलंस, अक्काच्या गोळीने कशी गुंगी आलीय. मला बरं वाटलं होतं तेव्हा. पाचव्या दिवशी म्हणाली, "पोटात जळतंय रं." मी पित्ताचं पातळ औषध दिलं आणि दुकान उघडायला गेलो. संडास काळी होते हे तिने वहिनीपासूनही लपवलं. सातव्या दिवशी सकाळी तिला उलटी झाली, काळी, चहाच्या चोथ्यासारखी, आणि तेव्हा मात्र मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

पुढचं तुझ्या डोळ्यांसमोर झालं. पण तू जे बघितलंस ते तसं नव्हतं.

तू पुण्याहून थेट दवाखान्यात आलीस. डॉक्टर मला विचारत होते, दुखण्याच्या कुठल्या गोळ्या चालू होत्या? माझ्या खिशात तुझी एक रिकामी पट्टी होती. ती मी त्यांच्या हातावर ठेवली. ते म्हणाले, आणखी काही? तू तेवढ्यात जिना चढून आलीस, धापा टाकत होतीस. मी तुला बघितलं. तुला बघून मी म्हणालो, नाही, एवढीच.

त्यांनी विचारलं, ही कुणी दिली? तू म्हणालीस, मी. आणि भिंतीला टेकून खाली बसलीस.

मी तुला उठवायला आलो नाही. पाणी आणतो म्हणून खाली गेलो आणि बराच वेळ वर आलोच नाही. मी खरं सांगितलं असतं तरी उपचार तेच झाले असते, असं मी स्वतःला समजावतो. रक्त दिलं, दुर्बीण घातली, सगळं केलंच होतं त्यांनी. पण ते मला नक्की माहीत नाही. मी डॉक्टर नाही.

ती तिसऱ्या दिवशी गेली. लोक विचारायचे, चंद्रव्वाला झालं काय एकाएकी? मी म्हणायचो, पुण्याच्या गोळ्या सोसल्या नाहीत. मी तुझं नाव कधी घेतलं नाही. पुण्याच्या, एवढंच म्हणायचो.

समाधीत बसवताना सगळ्यांना काळजी होती, वाकलेली पाठ, म्हातारी नीट बसेल का. ती ताठ बसली. डाव्या तळहातावर लिंग, कपाळावर विभूती. एकेक जण मूठ मूठ विभूती टाकून मागे होत होता. स्वामी म्हणाले, लेकीला बोलवा. तू पुढे आलीस आणि हात मागे घेतलास. "माज्या हातानं नगं," म्हणालीस. तेव्हा तुझा हात धरून पुढे आणायला एकच माणूस लायक होता आणि तो मी होतो. मी काय केलं? तुझ्या वाटची विभूती घेतली आणि तीही माझ्याच हाताने टाकली.

घरी आल्यावर मी तिची परडी उघडली. विभूतीच्या डब्यात, फडक्याच्या पुरचुंडीत, तुझ्या चार गोळ्या आणि माझ्या चार. एकीशेजारी एक, जोड्या लावून ठेवलेल्या, पुढच्या दोन दिवसांच्या. आपली भांडणं ती अशी मिटवत होती, अक्का. रोज दोन वेळा, पाण्याच्या घोटाबरोबर.

तू मला दुकानदार म्हणालीस, ते मला दीड वर्ष झोंबत होतं. आता त्यात झोंबण्यासारखं काही उरलं नाही. फार्मासिस्ट असतो, तर पट्टी वाचली त्या मिनिटाला माझी गोळी थांबवली असती. दुकानदाराला मात्र आपलाच माल खपायला हवा असतो.

काल मी बसव्वा मावशीला बोलावून सगळं सांगितलं. पट्टी आपण आणली म्हणून तीही मनात कुढत होती, हे मला तेव्हा कळलं. ती चहा तसाच ठेवून उठली आणि गेली. वहिनीला गेल्या आठवड्यात सांगितलं. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. महाशिवरात्रीला सगळी भावकी घरी येईल, तेव्हा सगळ्यांसमोर सांगणार आहे. तोंडाने जमलं नाही तर हेच पत्र वाचीन, म्हणून याची एक नक्कल काढून ठेवली आहे.

आता ऐक. दानू डॉक्टरांकडून चिठ्ठी पुन्हा आणेल. त्यांना आव्वाचं सगळं सांग, तुझ्या जुन्या पित्ताचंही. दोन्ही औषधं एकाच गोळीत आहेत की वेगळी, ते विचारून घे. ते देतील तेवढंच, तेवढेच दिवस. घरात पडलेली डोकेदुखीची गोळीसुद्धा त्यात मिसळायची नाही. आधी जेव. गुंगी येईल, तेव्हा एकटीने जिना उतरू नकोस. पोटात जळलं किंवा संडास काळी झाली, तर कुणापासूनही लपवायचं नाही, लगेच दवाखाना. यातल्या कशावरही माझ्या सांगण्यावरून विश्वास ठेवू नकोस, सगळं त्यांना विचार. मी एकही गोळी पाठवत नाही.

त्या आठ गोळ्या अजून डब्यात आहेत. मुदत संपलेलं औषध मी दुकानात एक दिवस ठेवत नाही. पण या लिंगाला दाखवलेल्या आहेत. माझ्या चार टाकायचा मला धीर नाही आणि तुझ्या चार टाकणारा मी कोण? तू बरी झालीस, चालायला लागलीस आणि यावंसं वाटलं, तर दोघं मिळून समाधीपाशी नेऊ. नाही वाटलं तर राहू देत तिथेच.

पत्रासोबत एक कागदी पाकीट आहे. दुकानातलंच आहे, पण वर टिंब काढलेलं नाही. पूर्ण लिहिलंय, आव्वाची विभूती. तिच्या डब्यातली आहे, तिने शेवटी वापरली तीच. तुझ्या हाताने द्यायची राहिली होती ना? आव्वाच्या फोटोला लाव. तुझ्याच हाताने लाव, अक्का. तुझा हात स्वच्छ आहे. तिथे जो मागे घ्यायला हवा होता, तो माझा होता.

गोळी घेतलीस की मला कळवू नकोस, दानूला सांग. तिने नुसता मिस कॉल दिला तरी मला कळेल.

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

सोमलिंग,
दुकानदार